प्रकल्पासाठी लेमूर की सदाफुली?

भाचीला शाळेच्या प्रकल्पासाठी मादागास्करचा एकच जीव निवडायचाय. कड्या-कड्यांच्या शेपटीचा लेमूर हा माकडासारखा प्राणी घेऊ की सदाफुली, यावर ती अडली आहे. हो, आपल्या कुंडीतली सदाफुली मूळची तिथलीच.

निरीक्षणात सदाफुली सरस. बारमाही फुलते, पाच पाकळ्या, मधे इवलंसं छिद्र, शेजारी जोडीनं येणाऱ्या बारीक शेंगा. सगळं दारातच बघता येतं. लेमूरसाठी चित्रफितींवरच भागवावं लागेल. मात्र त्याचं वागणं फार रंजक: कळपात मादीचा शब्द शेवटचा, आणि नर शेपटीला वास चोळून ती एकमेकांकडे झुलवत भांडतात. दक्षिणेकडच्या नदीकाठच्या जंगलांत चिंच हे त्याचं मोठं अन्न.

धोक्याच्या बाबतीत दोघांची तुलनाच नको. सदाफुली जगभर पसरली आहे. लेमूर मात्र संकटग्रस्त: जंगलं जाळली जातात, कोळशासाठी झाडं तुटतात, शिकार होते, पिल्लं पाळायला पकडतात. मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू, त्यामुळे तूट भरून निघत नाही.

माणसाला उपयोग? सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधं मिळाली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही देतात. पण 'रोज चार पानं चावा, साखर पळेल' असले दावे प्रकल्पात अजिबात नकोत. झाड विषारी आहे.

हातानं वाढवून, चिरून, नोंदी ठेवायच्या असतील तर सदाफुली. वर्गासमोर उभं राहून जंगलासाठी बोलायचं असेल तर लेमूरच. भाची बोलकी आहे, तिला मी लेमूर सुचवलाय.