प्रोव्हिजनल आधी, की थेट कम्प्लीट?

पेटंटचा अर्ज करायचं ठरलं की पहिला पेच हाच: प्रोव्हिजनल (शोधाचं तात्पुरतं वर्णन) भरून तारीख पकडायची, म्हणजे शोध कोणाचा आधीचा हे ठरवणारी तारीख, की थेट कम्प्लीट स्पेसिफिकेशन (पूर्ण वर्णन) द्यायचं? तुमची वस्तू नवी आहे आणि पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये (कशाला पेटंट मिळत नाही त्याची यादी) अडकत नाही, हे पाहून झालंय असं धरतो.

पैशाने फारसा निकाल लागत नाही. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाला ३० पानं आणि १० क्लेमपर्यंत (क्लेम म्हणजे नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणारं वाक्य) सरकारी फी १,६०० रुपये. प्रोव्हिजनल आधी भरलं असेल तर कम्प्लीटला ही मूळ फी पुन्हा लागत नाही. मसुदा दोनदा होतो, म्हणून पेटंट एजंटचा खर्च तेवढा वाढू शकतो.

प्रोव्हिजनलची सोय खरी आहे. क्लेम लिहावे लागत नाहीत आणि १२ महिने मिळतात. तेवढ्यात कम्प्लीट गेलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं.

मला खटकतं ते वेगळंच. तारीख मिळते ती कागदावर लिहिलंय तेवढ्यालाच. उसाचा डोळा काढायचं हातयंत्र घ्या. प्रोव्हिजनलमध्ये दोन पानांत लिहिलं, ‘मूठ दाबली की अर्धगोल पातं खाली येतं, स्प्रिंगने परत वर जातं’. पाचव्या महिन्यापर्यंत स्प्रिंगमध्ये माती बसून ती आखडायला लागली, म्हणून तिथे मागच्या बाजूला वजन लावलं आणि यंत्र कृषी प्रदर्शनात मांडलं. अकराव्या महिन्यात वजनाचा क्लेम घातला, तर त्याला जुनी तारीख मिळत नाही, कम्प्लीटचीच लागते. आणि त्या तारखेआधी ते लोकांनी पाहिलेलं असतं. सरकारने खास अधिसूचित केलेलं प्रदर्शन सोडलं, तर आपलंच प्रात्यक्षिक आपल्या क्लेमच्या आड येतं. स्प्रिंगचा क्लेम वाचतो, पण विकायचं असतं वजनाचं यंत्र.

म्हणून यंत्र चालतं झालं असेल तर मी थेट कम्प्लीटकडे झुकतो. दोन-तीन महिने शेडमध्येच घासूनपुसून, कुणाला न दाखवता, मग भरावं. लगेच फॉर्म १८ देऊन तपासणी मागता येते, आणि २० वर्षांची मुदत अर्जाच्या तारखेपासून चालू होत असल्याने मसुद्याच्या प्रतीक्षेत वर्ष जात नाही. एक काळजी मात्र घ्यायची: कम्प्लीट भरल्यावर त्यात नवा भाग घुसवता येत नाही.

गिऱ्हाईक दारात उभं असेल किंवा कुणी पुढे जाण्याची भीती असेल, तर प्रोव्हिजनल जरूर भरा, पण कम्प्लीटच्या तोडीचं. पातं परत नेण्याचे सगळे पर्याय लिहा: स्प्रिंग, वजन, रबर. आकृतीतल्या प्रत्येक भागाला क्रमांक द्या. नंतर नवी सुधारणा सुचली, तर दाखवण्याआधी तिचं दुसरं प्रोव्हिजनल भरा. दोन्ही एकाच शोधाची असतील, तर पहिल्याच्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत दोन्हींचं मिळून एकच कम्प्लीट देता येतं.