बाळाच्या नावाचं ॲप घेतलं, 399 रुपयांत 'ण' मिळाला

देवगडात दादाला मुलगी झाली आणि आत्या म्हणून नाव शोधायची ड्युटी माझ्याकडे आली. बारसं तोंडावर, त्यात वहिनीची अट की नाव युनिक पाहिजे, वाडीत दुसरं नको. मलाही पटलं, कारण माझं नाव इतकं कॉमन की वर्गात चौघी होतो, बाई मला 'खिडकीतली' म्हणायच्या. तर एक ॲप घेतलं. फ्रीमध्ये दहाच नावं दिसतात, पुढे 399. भरले. ॲपचं नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको.

जन्मवेळ टाकली की नक्षत्र-चरण लगेच येतं, आणि ते बरोबर होतं, भटजीकाकांच्या पंचांगाशी ताडून बघितलं. आमच्या बायचं हस्त, तिसरा चरण. माहीतगार इथेच हसले असतील. नक्षत्राचे चार चरण, प्रत्येकाला एक अक्षर, त्यावरून नाव. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ, म्हणजे तिसऱ्याला आला ण! ण वरून एक नाव सांगा बघू. ॲपने दोन स्क्रीन भरून दिली, णव्या, णमिता, णिहारिका... न काढायचा, ण लावायचा, झालं युनिक. भटजीकाका म्हणाले, अगं नावरस नाव, म्हणजे चरणाच्या अक्षराचं, पत्रिकेपुरतं, अक्षर अडलं तर राशीतलं दुसरं घ्या, कन्येला प चालतो की. हे एवढं वाक्य ॲपमध्ये कुठेही नाही.

अर्थांचं तर विचारूच नका. दर तिसऱ्या नावापुढे 'देवाची भेट'. कियानपुढे लिहिलंय संस्कृत, अहो तो फारसी शब्द! उद्या पोरगं मोठं होऊन विचारेल तेव्हा काय सांगायचं, ॲपवर होतं म्हणून?

'पूर्ण नाव कसं दिसेल' म्हणून एक फीचर आहे, आयडिया चांगली पण चौकटी तीनच, बाळ, वडील, आडनाव. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात मध्ये आईचं नाव येतं, हे त्यांच्या गावीच नाही. वहिनी स्क्रीन बघून म्हणाली, नऊ महिने मी काय नुसती ॲप बघत बसले होते? शिवाय 'लकी स्पेलिंग'चे वेगळे 150, त्यात इंग्रजीत दोन जादा ए घुसवून देतात. ते नाही घेतलं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, ते जादा ए निस्तरणार कोण.

शेवटी नाव सुचलं दादाला, तेही फुकट. संध्याकाळी समुद्रावरून आला आणि म्हणाला, पुळण. पू पण आला, हस्त पण झालं. (बाहेरच्यांसाठी, पुळण म्हणजे आमच्याकडे समुद्राकाठची वाळू.) मला जाम आवडलं. आजी म्हणाली, "पुळण? पायाक लागता ती?" आणि वहिनीचा मुद्दा खराच होता, शाळेत पोरं 'पुळी' म्हणून चिडवणार, तोंडावर एक पुळी आली की संपलंच. युनिक नावाचं हेच आहे, हजेरीत दुसरी कोणी नसते म्हणून ओळख राहते पण चिडवायला पण तू एकटीच सापडतेस. जुनी माणसं पोर जगावं म्हणून धोंडू, दगडू, भिकू ठेवायची, त्यांनाही चिडवलं असेल, पण वाडीत तीन-तीन धोंडू असायचे, वाटून जायचं.

ॲपमध्ये ऐकायचं बटण आहे, बाई गोड आवाजात नाव म्हणते. पण आमच्याकडे नाव हळू आवाजात चालत नाही, मागच्या पडवीतून माडांच्या पलीकडे हाक जायला लागते. णिहारिका अशी ओरडून बघा एकदा.

बारशाला मी कानात कुर्रर्र करून पुळणच म्हटलं, आत्याचा मान आहे. दाखल्यावर मात्र अजून नाव घातलेलं नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते ती दादाने केली, नाव वर्षभरात फी न भरता घालता येतं, तर वहिनी म्हणते बघू. आणि सगळ्यात जास्त नाक मुरडणारी आजीच आता पडवीतून ओरडते, "गो पुळणे, रडतंस कित्याक?"

दोन स्टार, दोन्ही पंचांगाचे. रिफंड मागितला, उत्तर नाही, पण रोज सकाळी सातला नोटिफिकेशन न चुकता येतं, तुमच्या परीसाठी ण वरून आजची पाच नवीन नावं.