दोएन्जांग : लातूरच्या स्वयंपाकघरात दोन महिने वापरलेली कोरियन पेस्ट

दिवाळीच्या सुमारास लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. तो माल तेलाच्या गिरण्यांकडे जातो, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि ज्या पिकावर आमचा सारा भाग उभा आहे ते आमच्या ताटात मात्र क्वचितच येते. त्यामुळे सोयाबीन आंबवून केलेली दोएन्जांग ही कोरियन पेस्ट विक्रीला असल्याचे दिसताच मी ५०० ग्रॅमचा डबा ऑनलाइन मागवला आणि गेले दोन महिने आठवड्यातून एकदा तरी तिचे जिगे, म्हणजे कोरियातील रोजच्या जेवणातले दाटसर कालवण, घरी करत आलो आहे.

पारंपरिक पद्धतीत शिजवलेले सोयाबीन कुटून त्याचे विटांसारखे ठोकळे करतात. त्यांना मेजू म्हणतात. ते भाताच्या पेंढ्याने बांधून टांगतात, बुरशी आणि जिवाणूंनी ते मुरले की मिठाच्या पाण्यात ठेवतात, आणि पुढे त्यातून जो द्रव निघतो तो सोया सॉस आणि जो घट्ट भाग उरतो तो दोएन्जांग. हे जांग, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या पेस्ट व सॉस, घालण्याचे ज्ञान २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. कारखान्यातील मालात मात्र बहुधा गहूही असतो. माझ्या डब्यातही आहे, त्यामुळे ज्यांना गहू चालत नाही त्यांनी घटकांची यादी आधी वाचावी. शाकाहारी मंडळींनी हिरवे चिन्हही पाहून घ्यावे, कारण काही प्रकारांत मासळीचा अर्क घातलेला असतो.

कृती सोपी आहे. दोघांसाठी तांदळाचे दुसरे धुवण दोन वाट्या घ्यावे (कोरियन घरांतही हे पाणी वापरतात, आणि त्याने रस्सा अंगचाच दाट होतो), त्यात बटाट्याच्या फोडी शिजत घालाव्यात, दीड मोठा चमचा दोएन्जांग थोड्या पाण्यात कालवून सोडावी, मग कांदा, कोवळा दुधी, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची घालावी, आणि शेवटी टोफूचे तुकडे व कांद्याची पात घालून पाच मिनिटे उकळू द्यावे. तिकडे हे पाणी सहसा सुक्या मासळीचे व समुद्री शेवाळाचे असते. आमच्या घरी ते चालत नाही, तरीही चव उणी वाटली नाही. मीठ मुळीच घालू नये. पेस्ट इतकी खारट आहे की पहिल्या खेपेला सवयीने घातलेल्या अर्ध्या चमच्यामुळे सगळे कालवण वाया गेले. फोडणीचा मोहही टाळावा, कारण मोहरी-हिंगाच्या वासाखाली या पेस्टचा मुरलेला, काहीसा उग्र गंध दबून जातो, आणि सगळे सार तर त्या गंधातच आहे.

माझ्या आईने पहिल्यांदा डब्याचा वास घेऊन तोंड फिरवले होते. कालवण चाखल्यावर मात्र ती म्हणाली, "हे तर येसरासारखंच आहे की रे, चमचाभर घातलं की पाण्याला अंग येतं." तिचे म्हणणे मला पटले. मसाला वेगळा, पण साध्या पाण्याची आमटी करण्याचे येसराचे जे काम आहे, तेच ही पेस्ट करते. ती ज्वारीची भाकरी चुरून खाते. मला इंद्रायणीचा चिकट भात अधिक आवडतो.

आता तक्रारी. डबा मला ४५० रुपयांना पडला, आणि एका वेळेला दीड चमचा लागतो हे धरले तर ही किंमत मला जड वाटत नाही. पण विक्रेत्याने पाठवलेल्या डब्याची मुदत संपायला जेमतेम तीन महिने उरले होते आणि आयातदाराची पट्टी साठवणुकीच्या सूचनांवरच चिकटवलेली होती. पुन्हा मागवताना मी मुदत आधी विचारणार आहे.

उघडल्यावर डबा फ्रिजमध्येच ठेवावा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर त्याला पर्याय नाही. वरचा थर हवेने काळपट होतो, म्हणून कोरड्या चमच्याने पेस्ट दाबून सपाट करावी आणि तिला टेकेल असा प्लॅस्टिकचा कागद घालून झाकण लावावे. असे केल्यापासून दोन महिन्यांत माझ्या डब्यातील पेस्टची चव बदललेली नाही.