जबडा पुढे धरणारं पंखांचं उपकरण: रोज रात्री तोंडात राहतं का?

स्लीप अ‍ॅप्नियासाठी (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार) तोंडात घालायच्या उपकरणांमध्ये आमची पहिली पसंती आहे ती दंतवैद्याने माप घेऊन बनवलेल्या, वरचा आणि खालचा भाग सुटा असलेल्या पंखांच्या प्रकाराला. सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, श्वास थांबणं जास्त कमी करतं, यात वाद नाही. पण मास्क मध्यरात्री काढून उशीखाली गेला की त्याचा उपयोग तिथेच संपतो. सौम्य ते मध्यम आजारात, म्हणजे तासाला 5 ते 30 वेळा श्वासात अडथळा येत असेल तर, रात्रभर तोंडात टिकणारं उपकरण जास्त कामाचं ठरू शकतं.

रचना साधी आहे. खालच्या साच्याच्या दोन्ही बाजूंना उभे पंख असतात, वरच्या साच्याला दाढांजवळ स्क्रूचे ठोकळे. तोंड मिटलं की पंख ठोकळ्यांच्या पुढे अडतात, खालचा जबडा पुढे राहतो आणि जीभ घशाकडे पडत नाही. घातलेलं असतानाही पाणी पिता येतं, जांभई देता येते. उणीव एकच, पण महत्त्वाची: झोपेत तोंड उघडं पडलं की जबडाही मागे जातो आणि घोरणं परत सुरू होतं. म्हणून बनवून घेतानाच बाजूला तोंड मिटलेलं ठेवणाऱ्या छोट्या रबरांसाठी हूक मागून घ्या.

उपकरण सोडून देण्याचं मोठं कारण म्हणजे घाई. जबडा जास्तीत जास्त 10 मिमी पुढे येत असेल तर सुरुवात साधारण 5 मिमीवर करावी. पहिले काही दिवस झोपण्याआधी टीव्ही बघताना तासभर घालून बसावं, मग पूर्ण रात्र. लाळ खूप येते, दात शिवशिवतात, आणि बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत उतरतो. हे आधीच सांगितलं नाही तर तिसऱ्याच दिवशी डबी कपाटात जाते. पुढे आठवड्याला अर्धा ते एक मिमी, तेही दुखणं नसेल तरच. जबडा पुढे नेणाऱ्या स्क्रूला चावीचे फेरे दोन्ही बाजूंना सारखेच द्या आणि तारखेसह लिहून ठेवा. एका बाजूला फेरा जास्त झाला तर त्या बाजूचा कानापुढचा सांधा दुखू लागतो.

सकाळी दाढा नीट टेकत नाहीत आणि रुग्ण घाबरतो. यासाठी उपकरणाबरोबर दातांच्या जुन्या बैठकीचा (वरचे-खालचे दात आधी जसे टेकायचे तसा) छोटा साचा बनवून घ्यावा आणि उठल्यावर तो 10-15 मिनिटं चावून धरावा. तोवर चहाबरोबरची कडक खारी थांबू दे. तरीही काही वर्षांत वरचे पुढचे दात किंचित आत आणि खालचे किंचित बाहेर झुकू शकतात, म्हणून वर्षातून एकदा दातांची बैठक तपासायलाच हवी.

ऑनलाइन मिळणारं, गरम पाण्यात मऊ करून चावायचं उपकरण स्वस्त असतं, पण ते जाडजूड असतं, रात्री सुटतं आणि बहुतेकांत जबडा मिमी-मिमीने पुढे नेता येत नाही. त्यावरून ‘मला हे जमत नाही’ असं ठरवू नका.

हिरड्या सैल असतील, दात फार कमी उरले असतील किंवा सुपारी-गुटख्यामुळे तोंड पुरेसं उघडत नसेल तर आधी त्यावर उपचार.

धुताना कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश. टूथपेस्टने चरे पडतात, उकळत्या पाण्याने साचा वाकतो. नवी कॅप किंवा फिलिंग करायला जाताना उपकरण बरोबर न्या, कारण दाताचा आकार जरा बदलला तरी साचा बसत नाही. काही उपकरणांत तापमान नोंदवणारी चिप बसवता येते. किती तास घातलं ते तीच सांगते.

आणि घोरणं थांबलं म्हणजे अ‍ॅप्निया गेला असं नाही. फेरे पूर्ण झाले की उपकरण तोंडात ठेवूनच झोपेची तपासणी पुन्हा करून घ्या.