केबल की वायफाय: अ‍ॅप डिबगिंगसाठी काय निवडावं?

अँड्रॉइड अ‍ॅपवर रोज काम करत असाल तर वायफायवरून डिबगिंगची, म्हणजे फोन लॅपटॉपला जोडून अ‍ॅपमधल्या चुका शोधण्याची, सवय लावून घ्या आणि एक चांगली केबल बॅगेत ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तुमचा फोन कुठला आणि तुम्ही बसता कुठे, यावर बरंच अवलंबून आहे.

केबलचा मोठा गुण म्हणजे भरवसा. यूएसबी डिबगिंग चालू केलं, फोनवर परवानगी दिली, की काम सुरू. जूनमध्ये गडगडाट होऊन वीज गेली की राउटर बंद पडतो, लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालूच असतो; केबलवाल्याचं काम अडत नाही. अ‍ॅप शे-दोनशे एमबीचं असेल आणि घरचं वायफाय 2.4 गिगाहर्ट्झचं, तर दर वेळी ते फोनमध्ये जाईपर्यंत जीव कंटाळतो. तिथेही केबलच बरी. फक्त ती डेटाची आहे ना, ते बघा. निव्वळ चार्जिंगच्या केबलवर लॅपटॉपला फोन दिसतच नाही आणि माणूस उगाच ड्रायव्हर शोधत बसतो.

आपल्या पावसाळ्यात मात्र केबलची पंचाईत होते. पणजीहून मांडवी पूल ओलांडून दुचाकीवर पर्वरीला आलात आणि खिशातला फोन ओलसर झाला, की बऱ्याच फोनवर पोर्टमध्ये ओलावा असल्याची सूचना येते. अशा वेळी पोर्ट वाळेपर्यंत केबल लावूच नये.

वायफायच्या बाजूने माझ्या लेखी सगळ्यात वजनदार मुद्दा वेगळाच आहे. केबल लावली की फोन चार्जिंगवर असतो आणि चार्जिंगवर असलेला फोन डोझमध्ये, म्हणजे बॅटरी वाचवण्याच्या गाढ झोपेत, आपणहून जात नाही. तुमचं अ‍ॅप पार्श्वभूमीत नोटिफिकेशन किंवा लोकेशनचं काम करत असेल, तर केबलवर सगळं सुरळीत दिसतं आणि ग्राहकाच्या हातात गेल्यावर रखडतं. शिवाय पोर्टला प्रिंटर किंवा स्कॅनर जोडून चाचणी घ्यायची असेल, तर पोर्ट मोकळा हवाच.

अँड्रॉइड 11 किंवा त्यापुढचा फोन असेल तर केबल एकदाही लावावी लागत नाही. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये वायरलेस डिबगिंग चालू करा आणि लॅपटॉपवरच्या अँड्रॉइड स्टुडिओतला (अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर) क्यूआर कोड फोनने स्कॅन करा. सहा आकडी कोडनेही जोडता येतं, पण तिथे एक खाच आहे. कोडच्या चौकटीत दिसणारा पोर्ट, म्हणजे आयपी पत्त्यापुढचा आकडा, फक्त पेअरिंगचा, म्हणजे पहिल्या ओळखीचा असतो. त्यानंतर कनेक्ट करायचं ते वायरलेस डिबगिंगच्या मुख्य पडद्यावरच्या पोर्टवर. दोन्हीकडे आयपी पत्ता एकच दिसतो, म्हणून ही गल्लत सहज होते. ती चौकट बंद केली की तो कोडही बाद.

अँड्रॉइड 10 किंवा त्याआधीचा फोन असेल तर जुनी रीत: आधी केबल लावून एडीबीला, म्हणजे लॅपटॉप आणि फोन जोडणाऱ्या अँड्रॉइडच्या साधनाला, 5555 पोर्टवर ऐकायला सांगायचं, मग केबल काढून कनेक्ट करायचं. फोन रीस्टार्ट झाला की पुन्हा पहिल्यापासून. या रीतीत अनोळखी लॅपटॉपला फोन परवानगी विचारतो खरा, पण फोन आणि लॅपटॉपमधली देवाणघेवाण एन्क्रिप्ट होत नाही. घरच्या वायफायवर ठीक आहे. कॅफेत किंवा को-वर्किंगमध्ये ही रीत वापरू नका.

अशा सामायिक जागी नवी रीतही बऱ्याचदा चालत नाही, कारण तिथला राउटर एका उपकरणाला दुसऱ्याशी बोलू देत नाही. दोघांनाही इंटरनेट मिळतं, पण लॅपटॉपला फोन सापडत नाही. मग लॅपटॉप आणि चाचणीचा फोन दोन्ही एखाद्या तिसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवर घ्या. चाचणीच्याच फोनचा हॉटस्पॉट लावून सहसा जमत नाही, कारण वायरलेस डिबगिंगला तो फोन स्वतः वायफायला जोडलेला लागतो. तिसरा फोन नसेल तर लॅपटॉपचाच हॉटस्पॉट चालू करून चाचणीचा फोन त्याला जोडा.

आयफोनची गोष्ट छोटी आहे. एक्सकोड 9 (अ‍ॅपलचं अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर) पासून, म्हणजे 2017 पासून, वायफायवरून डिबगिंगची सोय आहे. पहिल्यांदा केबलने जोडून फोनवर मॅकला विश्वासार्ह ठरवायचं, पुढे नेटवर्कवरून काम होतं. त्यामुळे आयफोनवाल्यांनी केबल आधी घ्यावी.