प्रागमध्ये पाकीट मारलं जातं ते खिडकीवर

स्वस्तातला युरोप म्हणून दोन मित्र कॉन्ट्री काढून प्रागला निघतात. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात आहे, पण चलन युरो नाही, कोरुना आहे (आपल्या तोंडून कोरोनाच निघतं, त्याला इलाज नाही). एका युरोला साधारण 24 ते 25 कोरुना. या एका फरकावर जुन्या शहरात बऱ्याच जणांचं पोट चालतं. त्यातला पुष्कळसा गंडा कायद्यात बसणारा असतो, कारण पाटीवर सगळं लिहिलेलं असतं. आकडा ठसठशीत असतो, आणि तो कशाचा आकडा आहे ते बारीक अक्षरात.

पहिली खिडकी मनी एक्स्चेंजची. बाहेर झळकतं ‘0% कमिशन’. कमिशन खरंच शून्य असतं, कारण सगळी कमाई दरात दडवलेली असते. फलकावर दोन रकाने असतात: ‘नाकुप’ म्हणजे दुकान तुमच्याकडून युरो विकत घेतंय तो दर, आणि ‘प्रोदेय’ म्हणजे दुकान युरो विकतंय तो दर. तुम्ही युरो देणार, म्हणजे तुमचा रकाना नाकुपचा. लांबून मात्र विक्रीचा आकडाच डोळ्यांत भरू शकतो. समजा बाजारभाव 24.5 आहे आणि नाकुप 19. शंभर युरोला 2450 ऐवजी 1900 हातात पडतात. 550 कोरुना गेले, म्हणजे दोघांचं साधं जेवण गेलं. म्हणून नोट खिडकीतून सरकवण्याआधी एकच विचारायचं: शंभर युरोचे हातात किती कोरुना येतील, ते कागदावर लिहून द्या. दुकानाने व्यवहाराआधी दर आणि रक्कम दाखवणं तिथे बंधनकारक आहे. टाळाटाळ झाली तर पुढची खिडकी. स्टेशन, विमानतळ आणि जुन्या शहरातल्या मुख्य चौकाकडे जाणाऱ्या गल्ल्यांमध्ये दर बहुधा वाईटच असतात.

फसल्यावरही एक दार उघडं असतं, आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. 1 एप्रिल 2019 पासून तिथला कायदा सांगतो की परवानाधारक मनी एक्स्चेंजमध्ये 1000 युरोपर्यंतचा रोख व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. कारण सांगावं लागत नाही. पावती आणि मिळालेले कोरुना घेऊन त्याच दुकानात परत जायचं. त्यामुळे पावती न घेता खिडकी सोडायची नाही, आणि हिशेब हॉटेलवर रात्री न करता तिथेच फुटपाथवर मोबाइल काढून करायचा. दुकानदार ऐकेना तर चेक नॅशनल बँकेकडे तक्रार करीन म्हणून सांगायचं. या दुकानांवर देखरेख त्याच बँकेची असते.

हा हक्क रस्त्यावरच्या माणसाला लागू नाही. वेन्सेस्लास चौकाच्या आसपास कुणीतरी हळूच विचारतो, “चेंज?” दर खिडकीपेक्षा बरा असतो, म्हणून बजेटवाले तिथेच घसरतात. तो गुंडाळी देतो: वर खरी चेक नोट, आत हंगेरीचे फोरिंट किंवा पूर्व युरोपातल्या चलनातून बाद झालेल्या नोटा. हजार फोरिंट म्हणजे जेमतेम 60-65 कोरुना, पण नोटेवर 1000 छापलेलं असतंच. खऱ्या चेक नोटेवर बँकेचं नाव ‘चेस्का नारोदनी बांका’ असतं. हजाराच्या नोटेवर दाढीवाले इतिहासकार पालात्स्की, पाचशेच्या नोटेवर लेखिका बोझेना न्येम्त्सोवा. हे पाठ करून रस्त्यावर नोटा बदलायला मात्र जाऊ नका. हाच माणूस निघून गेल्यावर साध्या कपड्यातले ‘पोलीस’ अवतरून पाकीट तपासायला मागू शकतात. खरे पोलीस तुमचे पैसे मोजत बसत नाहीत. पाकीट काढायचं नाही, चौकीत चला म्हणायचं किंवा 158 फिरवायचा.

आता एटीएम. इथे भारतीय फॉरेक्स कार्डवाल्यांसाठी खास खड्डा आहे. कार्डात युरो भरलेले, मशीन देतं कोरुना. म्हणजे कार्डाची कंपनी चलनबदलाचे साधारण साडेतीन टक्के कापणार, हे माहीत असतं. तेवढ्यात स्क्रीन विचारतो: रक्कम युरोत कापू का? वाटतं, वा, साडेतीन टक्के वाचले! पण ‘हो’ म्हटलं की दर मशीनचा लागतो, आणि तो दहा टक्क्यांहून जास्त वाईट असू शकतो. म्हणून ‘विदाउट कन्व्हर्जन’ किंवा ‘डिक्लाइन’ निवडायचं. डिक्लाइन दाबल्यावर व्यवहारच रद्द होईल, अशी धास्ती वाटेल असा मजकूर असतो. रद्द होत नाही, पैसे येतात. रुपयाचं कार्ड असेल तर हाच प्रश्न रुपयांत येतो, उत्तर तेच. दुकानातल्या कार्ड मशीनवरही कोरुनाच निवडायचा. गल्लीच्या कोपऱ्यावरचं सुटं एटीएम टाळून बँकेच्या शाखेतलं वापरावं आणि लागेल तेवढी रक्कम एकदाच काढावी, कारण काढताना ठरावीक शुल्क दर वेळी लागू शकतं.

जुन्या चौकात जत्रेच्या दिवसांत डुकराच्या मांसाचा अख्खा पाय निखाऱ्यावर फिरत असतो. पाटीवर समजा 150 लिहिलंय. पुढे बारीक अक्षरात ‘100 ग्रॅम’. तुम्ही ‘एक प्लेट’ म्हणता, सुरी मोठी तिरकी पडते, वजनकाटा 350 ग्रॅम दाखवतो, आणि बिल 525 कोरुना होतं. कापलेलं मांस परत घ्यायला कुणी तयार नसतं. दोघांत एकच घ्यायचं असलं तरी आधी बोलायचं: ‘स्तो ग्रामू, प्रोसीम’, शंभर ग्रॅम, कृपया. आणि बोलताना नजर सुरीवर नको, काट्यावर हवी. शेजारच्या कढईतले बटाटेही काही ठिकाणी वजनावरच असतात. शाकाहारी म्हणून सुटाल असं नाही. शिवाय त्यात बेकनचे तुकडे असू शकतात, तेही विचारा.

पर्यटकी रेस्तराँमध्ये न मागता टेबलावर आलेला पाव फुकट नसतो, आणि बिलात ‘कुव्हेर’ नावाची माणशी आकारणी दिसली तर ती मेन्यूत होती का ते उघडून बघा. टीपेचे टक्के मशीनवर आपोआप येतात, शून्यही निवडता येतं.

ट्राम-मेट्रोत लोक स्वतःच फसतात. मेट्रोला अडवणारी दारं नाहीत. कागदी तिकीट घेतलं तरी पिवळ्या यंत्रात शिक्का मारेपर्यंत तो कोरा कागदच. शिक्का नसेल तर तपासनीस दंड करतो, आणि तो बरोबर असतो. ट्राममधल्या नारिंगी यंत्रातून कार्डाने घेतलेलं तिकीट आधीच शिक्का मारलेलं असतं. तपासनीस साध्या कपड्यातच येतो, त्याचा बिल्ला बघितल्याशिवाय नोट काढू नका.

खरे खिसेकापू लागतात ते 22 नंबरच्या ट्राममध्ये आणि दर तासाला जुन्या चौकातल्या 1410 सालच्या खगोलीय घड्याळाखाली, जेव्हा सगळ्यांच्या माना वर असतात. दोघं आहात तर एकाने घड्याळ बघावं, दुसऱ्याने बॅगा. पुढच्या तासाला पाळी बदला.

शेवटच्या दिवशी नाणी मोजा. ती मनी एक्स्चेंजमध्ये बहुधा घेत नाहीत, आणि 50 कोरुनाचं एक नाणं म्हणजे जवळपास दोन युरो. कॉन्ट्रीच्या पाकिटात अशी चार-पाच सहज उरतात. विमानतळावर नेण्यापेक्षा शहरातल्या सुपरमार्केटमध्ये संपवा.