शिया की कोकम, की आपलं तेलच बरं? सोलापूरच्या उन्हात कुरळे केस सांभाळताना

आमच्या घरात तीन डोकी आणि तिघांचे केस तीन तऱ्हेचे. माझे आखूड, पण कुरळे आणि राठ. लेकीने तेच उचललेत, फक्त तिचे कमरेपर्यंत आहेत. बायकोचे सरळ आणि बारीक, तेल जरा जास्त झालं की चापून बसणारे. गेल्या पाचेक वर्षांत या तीन डोक्यांवर खोबरेल, तिळाचं, एरंडेल, करडईचं, शिया बटर आणि कोकम बटर (बटर म्हणजे बियांतून काढलेला, लोण्या-मेणासारखा गोठणारा स्निग्धांश) एवढं सगळं लावून झालंय. मोजमाप काही केलेलं नाही. वेणी घालताना कंगवा कुठे अडतो, एवढंच आमचं माप. ज्यांच्याकडे असेच कोरडे केस आहेत आणि बटर घ्यावं की नको, घेतलं तर कोणतं, असा प्रश्न पडलाय, त्यांना यातून काही उपयोग झाला तर बरं वाटेल.

तेल काय किंवा बटर काय, केसांना ओलावा देत नाही, असलेला धरून ठेवतं. कणीक मळून झाली की वरून तेलाचा हात फिरवतो ना, तसंच हे. तेलाने कणीक ओली होत नाही, वरून सुकायची थांबते. कोरड्या खडखडीत केसांवर वाटीभर तेल ओतलं तर ते तेलकट होतील आणि आतून तसेच कोरडे राहतील. केस धुवून, टिपून, अजून दमट आहेत तोवर थोडंसं लावायचं, तर ते टिकतं. कुरळ्या केसांना याची गरज जास्त, कारण टाळूचं स्वतःचं तेल त्या वळणावळणांतून टोकापर्यंत पोचतच नाही. त्यात आपल्याकडे मार्चअखेरपासून पारा चाळिशीच्या आसपास आणि हवा कोरडी. कोकणातल्या पाहुण्यांना जे चालतं ते इथे जसंच्या तसं चालेल असं धरून चालू नये.

आता तेलं. खोबरेलाबद्दल माझं मत पक्कं आहे. त्यात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल नावाचं स्निग्धाम्ल असतं. त्याची साखळी लहान आणि सरळ, म्हणून ते केसाच्या आत शिरतं, नुसतं वर बसत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल अशी तुलना केली होती. धुताना केसातलं प्रथिन वाहून जातं, ते या तिघांपैकी खोबरेलानेच ठळकपणे कमी केलं. म्हणून धुण्याआधी दोन तास खोबरेल, याला आमच्याकडे आजही पर्याय नाही. बायकोचं तर तेवढ्यावरच भागतं, तिला बटर लागत नाही आणि मी सुचवतही नाही.

पण धुतल्यानंतर, दिवसभर ओल टिकवायची म्हणून लावायचं झालं की खोबरेल कमी पडतं. ते २४-२५ अंशांनाच पातळ होतं. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, बाटलीत थिजून बसतं आणि उन्हात ठेवल्याशिवाय निघत नाही. मे महिन्यात मात्र दुपारी बाराला ते केसांवरून मानेवर आणि कॉलरवर उतरलेलं असतं. लेकीचे केस तर नुसत्या खोबरेलाने संध्याकाळपर्यंत काड्यांसारखे व्हायचे. काहींना असं होतं, काहींना होत नाही.

तिळाचं तेल मला त्याहून आवडतं. भोगीला तीळ लावून न्हायची पद्धत आपल्याकडे आहेच, त्यामागे थंडीत अंग आणि केस फुटू नयेत हाच विचार असावा असं मला वाटतं. लाकडी घाण्याचं, कच्च्या तिळाचं घेतलं तर वास सौम्य असतो, आणि ते लवकर खवट होत नाही. करडई जिल्ह्यात पिकते, तेल घरात असतंच, म्हणून तेही लावून पाहिलं. फार पातळ आहे, केसांवर ठरत नाही, आणि बाटली उघडी राहिली की महिन्या-दोन महिन्यांत खवट वास धरते. ते भाजीतच शोभतं. एरंडेल याच्या अगदी उलट, इतकं दाट की बोटाला तार सुटते. चार थेंब दुसऱ्या तेलात घालून ठीक आहे. नुसतं लावून लेकीचे लांब केस चोळून धुतले, तेव्हा मानेपाशी असा गुंता झाला की सोडवायला दीड तास लागला आणि शेवटी एक बट कापावी लागली. त्यानंतर एरंडेल फक्त माझ्या आखूड केसांपुरतं.

बटरकडे वळलो ते यामुळे. आधी अर्थातच शिया, कारण बाजारात नाव त्याचंच मोठं. शियाची झाडं पश्चिम आफ्रिकेतली. घाना, बुर्किना फासो, माली या भागांत बायका ती फळं वेचतात, बिया उकडून, वाळवून, कुटून, भाजून, वाटून, पाण्यात घुसळून हे लोणी काढतात. आपल्या ताक घुसळण्यासारखंच, फक्त मेहनत कितीतरी जास्त. रिफाइन न केलेलं शिया पिवळसर असतं आणि त्याला धुरकट, भाजल्यासारखा वास येतो. रिफाइन केलेलं पांढरं आणि बिनवासाचं. आम्ही पिवळं आणलं.

मऊपणात शियाला तोड नाही. लेकीच्या दमट केसांना बोरा एवढं लावलं आणि दुसऱ्या दिवशी कंगवा वरून खालपर्यंत न अडता गेला, तेव्हा ती आरशासमोरून हलेना. पहिले तीन महिने, नोव्हेंबर ते जानेवारी, मी ज्याला त्याला शिया घ्या म्हणून सांगत होतो.

मग उन्हाळा आला. आमची खोली वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली. शिया अंगाच्या उबेला वितळतं, त्यामुळे मार्चच्या शेवटापासून रोज दुपारी डब्यात तेल आणि पहाटेपर्यंत पुन्हा गोळा. असं महिना-दीड महिना चाललं. मे महिन्यात एका सकाळी झाकण उघडलं तर आत साजूक तूप असावं तसं रवाळ झालेलं. तुपाला असा रवा धरला तर आपण खूश होतो. कारण दोन्हीकडे एकच आहे. सावकाश निवताना त्यातला कडक स्निग्धांश आधी गोठतो आणि त्याचे कण बनतात, मऊ भाग मागे पातळ राहतो. खराब झालेलं नसतं, गुण तेच असतात. तळहातावर बराच वेळ चोळलं तर कण विरघळतातही.

पण शाळेच्या सकाळी बराच वेळ कुठून आणायचा? जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात मी घाईत दोन्ही हातांनी ते लेकीच्या केसांना फिरवलं, दोन वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या आणि पाठवली. दुपारी आली ती दप्तर फेकून रडायलाच लागली. “पप्पा, सगळे लिखा म्हणले की. बाईंनी मला वेगळं बसवलं.” मी वेणी सोडून बघितली. कानामागे, काळ्याभोर केसांवर, साबुदाण्याच्या कणीएवढे पांढरे दाणे चिकटलेले, अगदी केसाला धरून बसलेल्या लिखांसारखे. बोटात धरून चिमटला की विरघळायचे. तिच्या बाईंचा तरी काय दोष, लांबून मलाही तसंच वाटलं असतं.

यावर उपाय आहे, नाही असं नाही. गरम पाण्यात वाटी धरून शिया पूर्ण वितळवायचं आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवून झटकन गोठवायचं, म्हणजे रवा धरत नाही. मी केलं. पुन्हा मऊसूत झालं. पण डबा बाहेर राहिला की चार दिवसांत परत तेच, आणि फ्रिजमध्ये ठेवला तर सकाळी दगड. ज्यांच्या घरात उन्हाळाभर एसी असतो त्यांना ही अडचण कदाचित जाणवणारही नाही. आमच्या खोलीत ती दर आठवड्याला होती.

दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, मधले दिवस बोअरवर. बोअरचं पाणी जड, त्याला फेस येत नाही. शिया टाळूपर्यंत गेलं तर दोनदा शाम्पू केल्याशिवाय निघत नाही, आणि दोनदा शाम्पू म्हणजे दोन बादल्या जास्त. लांब केसांच्या घरात हा हिशेब करावा लागतो. माझं म्हणाल तर मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला असतो, तिथल्या हवेत कापसाचे तंतू उडतात आणि शिया लावलेल्या केसांवर ते संध्याकाळपर्यंत बुरशीसारखे बसलेले असायचे.

कोकम बटर आलं ते योगायोगाने. बायकोची मावशी रत्नागिरीकडे असते, तिने टाचांच्या भेगांना लावायला म्हणून एक गोळा पाठवला होता. तिकडे याला मुठेल म्हणतात. बिया कुटून पाण्यात उकळतात, वर तरंगलेला स्निग्धांश काढतात आणि मुठीत दाबून गोळे वळतात. टाचेला लावल्यावर हात चिकट राहिला नाही, हे माझ्या लक्षात आलं आणि म्हटलं केसांना बघू.

नुसतं कोकम केसांना लावता येत नाही, हे आधीच सांगतो. मेणबत्तीसारखं कडक असतं. सुरीने खरवडावं लागतं, आणि तसंच चोळलं तर केस ओढले जातात. पहिल्या दिवशी लेक म्हणाली, “हे नको, शियाच द्या.” पण त्याचा हा कडकपणाच आपल्या उन्हाळ्यात कामाला येतो. ते साधारण ३८ ते ४० अंशांपर्यंत घट्ट राहतं. कपाटात, कापडात गुंडाळून ठेवलेली वडी आमच्याकडे दोन उन्हाळ्यांत कडेने थोडी मऊ झाली एवढंच. शिवाय त्यातला स्निग्धांश बहुतेक एकाच प्रकारचा असल्यामुळे ते एकसारखं गोठतं. आमच्या वडीला अजून एकदाही रवा धरलेला नाही.

माझी पद्धत अशी. चमचाभर खरवडलेलं कोकम स्टीलच्या वाटीत घेतो, त्यात तीन चमचे तिळाचं तेल. वाटी गरम पाण्यात धरायची, थेट गॅसवर ठेवायची नाही. वितळलं की वाटी लगेच गार पाण्यात ठेवून चमच्याने ढवळत राहायचं, मलमासारखं होतं. उन्हाळ्यात तेल दोनच चमचे, थंडीत चार. एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच करायचं, म्हणजे डब्यात वितळणं-गोठणं फार वेळा होत नाही. लेकीला एका वेळी चिंचोक्याएवढं पुरतं, फक्त कानाच्या खालच्या केसांना. टाळूला बटर लावूच नये असं माझं मत आहे, विशेषतः कोंडा होत असेल तर. तेल-बटरावर कोंडा वाढलेला मी स्वतःच्याच डोक्यावर पाहिलाय.

मऊपणा शियाइतका येत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. केस जरा कोरडेच वाटतात हाताला, पण वळणं सुटत नाहीत आणि संध्याकाळी कंगवा अडत नाही. चमक कमी, चिकटपणा जवळजवळ नाही. कापसाचे तंतू बसायचे तेही कमी झाले. एका शाम्पूत निघतं. पांढरे दाणे नाहीत, आणि माझ्या दृष्टीने विषय तिथेच संपला.

बरं, शिया कुणी घ्यावं? ज्यांचे केस फारच दाट आणि कुरळे आहेत, रंगवून किंवा सरळ करून घेऊन रखरखीत झालेत, ज्यांना सकाळी निवांत वेळ आहे आणि घर थंड राहतं, त्यांना शिया माझ्या कोकमापेक्षा जास्त आवडेल असं वाटतं. पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत शिया आणि मग कोकम, असंही करता येईल. माझ्या एका सहकाऱ्याचं तसं चाललंय आणि तो समाधानी आहे. बारीक, सरळ केसांना दोन्ही नकोत, धुण्याआधी खोबरेल पुरे.

एक गोष्ट मात्र कोणतंही बटर घेतलं तरी बदलली पाहिजे, आणि सोलापूरकर म्हणून ती सांगायला मला जड जातं. आपल्या जाड टर्किश टॉवेलने कुरळे केस खसाखसा पुसू नयेत. त्याची फंदं, म्हणजे वर आलेले दोऱ्यांचे फास, केसांची वळणं उचकटतात आणि मग वर कितीही बटर लावा, केस पिंजारलेलेच राहतात. लेकीचे केस आम्ही आता तिच्या आजीच्या जुन्या सुती पातळाच्या तुकड्याने नुसते दाबून टिपतो. महिन्याभरात जो फरक दिसला त्यातला निम्मा या तुकड्याचा असावा असा मला दाट संशय आहे.

कोकम घ्यायचं ठरवलंत तर आधी शंभर ग्रॅमच आणा, आम्हाला तेवढं पाच महिने पुरतं. वडी फिकट पिवळसर किंवा राखाडी, वास जवळजवळ नाही, आणि मोडली तर कट्कन तुटणारी हवी. बोटाने सहज दबत असेल तर त्यात दुसरं काही मिसळलेलं असण्याची शक्यता आहे. शियाचा उरलेला डबा आम्ही टाकला नाही. तो आता बायकोच्या टाचांना लागतो आणि तिथे रवाळ असला तरी बिघडत नाही.